वादक उपनगरात, मैफल शहरात

दरवर्षी ३० एप्रिल हा 'आंतरराष्ट्रीय जॅझ दिन' म्हणून साजरा होतो. 'युनेस्को'ने २०११ मध्ये तशी घोषणा केली आणि २०१२ पासून जगभरच्या शहरांत त्या दिवशी मैफली होऊ लागल्या. मुंबईही त्यात मागे नसते. दुसऱ्या दिवशी १ मे उजाडतो. तो महाराष्ट्र दिन आणि कामगार दिनही. आदल्या रात्री व्यासपीठावर असलेला वादक त्या दिवशी पुन्हा शिकवण्या, लग्नसमारंभ आणि जाहिरातींची ध्वनिमुद्रणे यांच्या मागे लागतो. कारण जॅझ हा वर्षातून एकदा साजरा करण्याचा उत्सव म्हणून या शहराला ठाऊक आहे. आठवड्याच्या ठरलेल्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या सभागृहात जाऊन ऐकण्याची गोष्ट म्हणून तो आपल्याला माहीत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९३ लाख ५७ हजार होती, तर शहर जिल्ह्याची सुमारे ३० लाख ८५ हजार. म्हणजे चार मुंबईकरांपैकी तीन उपनगरांत राहतात. तरीही अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरमध्ये केवळ जॅझसाठी ओळखले जाणारे, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी भरणारे आणि वर्षानुवर्षे टिकलेले एखादे ठिकाण सांगा असे कोणी विचारले, तर उत्तर देणे कठीण जाते. हॉटेलांतून अधूनमधून कार्यक्रम होतात, पण त्यांना परंपरा म्हणता येत नाही. हे असे का झाले आणि त्यात बदल संभवतो का, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

मुंबईतील जॅझचा आरंभ दक्षिण टोकाला झाला. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ हे ट्रम्पेटवादक आणि टेडी वेदरफोर्ड हे पियानोवादक आले. स्वदेशात वर्णभेद सोसणाऱ्या या कलावंतांना परक्या देशाच्या सर्वांत आलिशान नृत्यगृहात मान मिळाला आणि त्यांच्या शेजारी बसून गोव्याचे तरुण हे संगीत शिकले. फ्रँक फर्नांड त्यांपैकीच एक. मिकी कोरिया यांनी १९३९ पासून सुमारे दोन दशके 'ताज'मधील वाद्यवृंद सांभाळला. 'चिक चॉकलेट' या नावाने गाजलेले अँटोनियो झेवियर वाझ यांना तर मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई.

गोव्याचीच मुले यात पुढे का आली, याचे कारण तेथील शिक्षणपद्धतीत आहे. पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. कागदावर लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवता येणारा तरुण मुंबईत आला, की त्याला काम मिळे. तो उतरे धोबीतलाव, गिरगाव परिसरातील आपल्या गावाच्या 'कुडी'त. कूड म्हणजे एकेका गावाने आपल्या लोकांसाठी चालवलेले सामूहिक निवासस्थान. तेथे स्वस्तात झोपायला जागा मिळे, संध्याकाळी सामूहिक प्रार्थना होई आणि कोणत्या हॉटेलात कोणत्या वादकाची जागा रिकामी झाली आहे, ही बातमीही तेथेच कळे.

पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. हॉटेलांच्या उत्पन्नाला कात्री लागली आणि नृत्यगृहांतील वादकांना दुसरी वाट शोधावी लागली. ती चित्रपटसृष्टीने दिली. येथे मराठी माणसाचा या संगीताशी थेट संबंध येतो. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट आणि बोंगो यांचा वापर इतक्या सहजतेने केला, की ऐकणाऱ्याला ही वाद्ये परकी वाटलीच नाहीत. भगवान आबाजी पालव, अर्थात आपले भगवानदादा, यांच्या १९५१ च्या 'अलबेला'ला सी. रामचंद्रांचेच संगीत होते आणि त्यात चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात. भगवानदादांचा स्टुडिओ होता चेंबूरला. म्हणजे एका मराठी निर्मात्याच्या, मराठी संगीतकाराच्या चित्रपटात गोव्याचा जॅझवादक वाजवत होता आणि त्या निर्मात्याचा संसार उपनगरात उभा होता. गणपतीच्या वरातीत 'अलबेला'च्या चालींवर नाचलेल्या पिढ्यांनी जॅझच्या नातलगालाच ताल दिला, फक्त त्याचे नाव त्यांना कोणी सांगितले नाही.

उपनगरांचा स्वतःचा धागा याहून जुना आहे. साष्टीच्या बेटावरील ईस्ट इंडियन समाज हा येथील मूळ रहिवासी. वसईचा किल्ला १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी जिंकला, त्याच्या आधीची सुमारे दोनशे वर्षे हा मुलूख पोर्तुगीजांकडे होता. त्या काळात धर्मांतर झालेल्या या समाजाने मराठी बोली सोडली नाही. मरोळ, आंबोली, गुंदवली, एक्सर, गोराई, मनोरी अशा गावठाणांतून आजही लग्नाच्या वेळी 'उंबराचे पाणी' आणायला वाजतगाजत जातात. त्या मिरवणुकीत पितळी वाद्यांचा ताफा असतो. चर्चच्या सणालाही तोच ताफा चालतो. न्यू ऑर्लिन्समध्ये पारंपरिक जॅझ जन्मला तो अशाच रस्त्यावरच्या ताफ्यांतून. लग्न, सण आणि अंत्ययात्रा ही तेथील वादकांची पहिली पाठशाळा होती. ट्रम्पेटने चाल धरायची, क्लॅरिनेटने तिच्यावरून फिरायचे, ट्रोम्बोनने खालून आधार द्यायचा आणि प्रत्येकाने त्या क्षणी सुचलेली उपज करीत सर्वांनी मिळून समेवर यायचे, ही रीत तेथे रुजली. आपल्या गावठाणांत ताफा होता, वादक होते, ऐकणारा मोहल्ला होता. मात्र रस्त्यावरचे वादन बंद दाराआड नेऊन त्याची मैफल करील, असे ठिकाण येथे उभे राहिले नाही.

वांद्रे, मालाडचे ऑर्लेम, बोरिवलीची आय. सी. कॉलनी येथे ख्रिस्ती वस्ती वाढत गेली, तसे वादकही उपनगरांत स्थिरावले. काम मात्र चर्चगेट, कुलाबा आणि ताडदेवच्या स्टुडिओंतच राहिले. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला आणि ज्या ध्वनिमुद्रणाला चाळीस वादक लागत, ते दोन-तीन माणसांत होऊ लागले. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने 'जॅझ यात्रा' सुरू झाली, सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक त्या पहिल्याच वर्षी येऊन गेला, धोबीतलावचे खुले रंगभवन गर्दीने फुलले. पण २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा व न्यायालयांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला आणि रंगभवनचा आवाज थांबला.

खासगी प्रयत्नांचे काय झाले? लोअर परळमधील गिरणीच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेले 'ब्लू फ्रॉग' २०१६ मध्ये बंद पडले. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल परिसरातील आगीत १४ जणांचा बळी गेला आणि अशा ठिकाणांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला. तो तसा येणे आवश्यकच होते. आग लागली तर बाहेर पडायला वाट नसलेल्या खोलीत संगीताची परंपरा जपता येत नाही.

तथापि उपनगरांची खरी अडचण परवान्यांच्या व्याख्येत आहे. राज्यात सार्वजनिक करमणुकीचे नियमन १९५१ च्या पोलीस कायद्याखालील १९६० च्या नियमांनुसार होते. त्या नियमांच्या नावातच कॅबरे, मेळे आणि तमाशे एका ओळीत बसवले आहेत. २००५ मध्ये डान्स बारवर बंदी आली, त्यानंतर उपनगरांतील अनेक बार 'ऑर्केस्ट्रा'च्या परवान्यावर चालू लागले. त्या परवान्यात व्यासपीठावर चार स्त्रिया आणि चार पुरुष अशी अट होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये यातील स्त्री-पुरुष संख्येचे बंधन रद्द केले, परंतु एकूण आठ कलावंतांची मर्यादा तशीच ठेवली. सात जणांचा पारंपरिक जॅझ ताफा या आकड्यात कसाबसा बसतो, तर पंधरा-सोळा जणांचा स्विंग वाद्यवृंद बसूच शकत नाही. आकड्यापेक्षा अधिक नुकसान झाले ते प्रतिमेचे. उपनगरात 'लाइव्ह म्युझिक'ची पाटी लागली, की शेजाऱ्यांना आणि पोलिसांना आधी ऑर्केस्ट्रा बार आठवतो. सोसायटीच्या बैठकीत त्याला विरोध होतो आणि त्या विरोधाला दोष देता येत नाही. पहाटे पाचला उठून लोकल गाठणाऱ्याचा झोपेवर हक्क आहे.

म्हणजे संगीताचे भवितव्य दारूच्या परवान्याला बांधले गेले आहे, हे या प्रश्नाचे मूळ आहे. १९४९ चा कायदा वादकांच्या पोटावर आला तोही याच कारणाने. मग ही गाठ सोडवता येईल काय? जगात त्याचे उत्तम उदाहरण आहे. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये १९६१ मध्ये 'प्रिझर्वेशन हॉल' सुरू झाला. वृद्ध होत चाललेल्या पारंपरिक जॅझवादकांना वाजवायला जागा मिळावी, एवढाच त्याचा हेतू होता. खोली लहान आणि बाके साधी, ध्वनिवर्धक नाही, दारूही नाही. श्रोता तिकीट काढून येतो, तासाभराची मैफल ऐकतो आणि जातो. तेथे तरुण वादक वृद्धांच्या शेजारी बसून शिकले. साठ वर्षांहून अधिक काळ ते सभागृह टिकले आहे.

ही पद्धत मराठी माणसाला अपरिचित नाही. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ चा, कल्याणचा गायन समाज १९२६ चा. वर्गणी, सतरंजी, वेळेवर सुरू होणारा कार्यक्रम आणि मध्यंतरात चहा, एवढ्या भांडवलावर अशा संस्थांनी अभिजात संगीताचा श्रोता घडवला. पहिल्या रांगेत बसणारे आजोबा आणि मागे उभा राहणारा विद्यार्थी एकमेकांना नावाने ओळखत. गायकालाही ठाऊक असे, की येथे मागच्या खेपेचे गाणे आठवणारे लोक बसले आहेत. जॅझला नेमके हेच हवे असते. ज्या संगीतात प्रत्येक वेळी नवी उपज करायची, त्याला आधीची उपज ऐकलेला श्रोता लागतो. महोत्सवातील हजारोंची गर्दी ती गरज भागवू शकत नाही.

कायद्यातही यासाठी वाट आहे. ध्वनिप्रदूषण नियम रात्री दहानंतर वाद्यांना मनाई करतात, पण बंदिस्त सभागृहांचा त्यात अपवाद आहे. शिवाय संध्याकाळी सहाला सुरू होऊन साडेआठला संपणाऱ्या मैफलीचा दहाच्या मर्यादेशी संबंधच येत नाही. मुंबई महापालिकेकडे पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे आणि मुलुंडचे कालिदास अशी नाट्यगृहे आहेत. बोरिवलीत लघुनाट्यगृहही आहे. नाटकांच्या तारखांना धक्का न लावता महिन्यातील एक आडवारची संध्याकाळ, सवलतीच्या भाड्याने, नोंदणीकृत संगीत मंडळांना द्यावी. तेथे मद्य नसावे आणि नसल्यामुळेच परवान्याची प्रक्रिया साधी असावी. चर्च आणि जिमखान्यांची सभागृहेही यात येऊ शकतात.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, जॅझ हे परके संगीत आहे, त्यासाठी महापालिकेने झळ का सोसावी? पेटी आणि व्हायोलिनही परदेशातूनच आली आणि आज त्यांच्याविना आपली मैफल सजत नाही. ठुमरीसाठी नावाजलेल्या बेळगावच्या शोभा गुर्टू यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू यांनी तबल्याचे बोल जॅझच्या जागतिक व्यासपीठावर नेले, ते काही परक्या घरात वाढले नव्हते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बारच्या उत्पन्नाशिवाय वादकाला मानधन कोठून मिळणार? तिकिटावर घर चालणार नाही, हे मान्य केले पाहिजे. कल्याणच्या किंवा पार्ल्याच्या मैफलीच्या बिदागीवरही कोणाचे घर चालले नाही. पण अशा मैफलींनी गवयाला श्रोता दिला आणि शिष्यही दिले, त्या बळावर पुढचे काम मिळत गेले.

या विचाराला घाई आहे, कारण माणसे थांबत नाहीत. फ्रँक फर्नांड २००७ मध्ये गेले, मिकी कोरिया २०११ मध्ये, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना सिंफनी वाद्यवृंदासह गायला लावणारे संयोजक अँथनी गोन्साल्विस २०१२ मध्ये आणि तालवाद्यांचे जाणकार केर्सी लॉर्ड २०१६ मध्ये. स्वरलेखन कागदावर उरते. पण फुंक कोठे रोखायची, ताल किंचित मागे कसा खेचायचा, हे शेजारी बसूनच कळते. ते सांगू शकणारे थोडे वादक अजून उपनगरांतील घरांत आहेत. पुढच्या ३० एप्रिलला त्यांना कुलाब्याला बोलावून पुष्पगुच्छ देण्यापेक्षा, बोरिवलीला किंवा मुलुंडला महिन्यातून एकदा त्यांच्यासाठी सभागृहाचे दार उघडणे अधिक उपयोगाचे ठरेल. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही, की मोठा निधीही लागणार नाही. महापालिकेची एक ठरावीक तारीख आणि वर्गणी भरणारे शंभरएक रसिक एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.