धमकी खोटी, रांग खरी

ऑक्टोबर २०२४ आठवतोय? दिवाळीच्या तोंडावर रोज एकच बातमी : आज अमुक विमानांना बॉम्बची धमकी. सुरुवातीला घरचे काळजीनं फोन करत होते, नंतर ‘आजचा स्कोअर किती?’ असे जोक फिरायला लागले. त्या वर्षी १३ नोव्हेंबरपर्यंत देशात अशा ९९९ खोट्या धमक्या आल्या, असं नागरी उड्डाण राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी संसदेत सांगितलं. आदल्या वर्षाच्या जवळपास दहापट. त्यातल्या पाचशेहून जास्त ऑक्टोबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांतल्या.

एका प्रकरणात मुंबई पोलिसांनी छत्तीसगडमधल्या राजनांदगावचा १७ वर्षांचा मुलगा ताब्यात घेतला. पैशांवरून ज्याच्याशी वाजलं होतं त्याला अडकवायचं म्हणून त्याच्या नावानं अकाउंट काढून धमक्या टाकल्या, असं पोलिसांचं म्हणणं. विमान, बॉम्ब हे शब्द इतके हलके कधी झाले?

खरं तर ते एकदा आधीही हलकेच होते. डिसेंबर १९७८ मध्ये इंदिरा गांधी तुरुंगात होत्या. त्यांना सोडा, या मागणीसाठी भोलानाथ आणि देवेंद्र पांडे या दोघांनी लखनौहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवून वाराणसीला नेलं. हातात काय होतं? खेळण्यातली पिस्तुलं आणि क्रिकेटचा बॉल! पुढे १९८० मध्ये दोघांनाही काँग्रेसचं तिकीट मिळालं आणि दोघंही उत्तर प्रदेशात आमदार झाले. विमान पळवणं म्हणजे जरा जास्तच झालेलं आंदोलन, अशी तेव्हाची नजर होती.

ती नजर बदलली ती माणसं मेल्यावर. जून १९८५ मध्ये एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, ३२९ जण गेले. बॉम्ब एका सुटकेसमध्ये होता आणि त्या सुटकेसचा मालक विमानात चढलाच नव्हता. आज तुम्ही गेटवर वेळेत पोचला नाहीत, तर विमान थांबवून तुमची बॅग शोधून खाली उतरवतात आणि सगळे वैतागतात. त्या वैतागामागे ही सुटकेस आहे.

मग डिसेंबर १९९९, कंदाहार. आठ दिवस देश टीव्हीला चिकटून होता आणि शेवटी तीन दहशतवाद्यांना सोडावं लागलं. तोवर विमानतळांवर राज्यांचे पोलीस असायचे. फेब्रुवारी २०००मध्ये जयपूरपासून सीआयएसएफ आली. पुढच्या वर्षी अमेरिकेत ११ सप्टेंबर घडलं आणि मग जगभरच तपासणी कडक होत गेली.

गंमत म्हणजे इथला जवळजवळ प्रत्येक नियम हा कालच्या हल्ल्याला दिलेलं उत्तर असतो. डिसेंबर २००१मध्ये एकानं बुटात स्फोटकं आणली. पुढे अमेरिकेत सगळ्यांनाच बूट काढावे लागले, ते थेट जुलै २०२५पर्यंत. ऑगस्ट २००६मध्ये लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघड झाला. तेव्हापासून शाम्पूची बाटली १०० मिलीची. याचा उपयोग किती? २०१५मध्ये अमेरिकेत सरकारच्याच गुप्त पथकांनी नकली बॉम्ब आणि शस्त्रं नेऊन पाहिली. ७० पैकी ६७ वेळा ती तपासणीतून पार गेली. ब्रूस श्नायर हे सुरक्षातज्ज्ञ अशा देखाव्याला ‘सिक्युरिटी थिएटर’ म्हणतात. आपल्याकडे केबिन बॅगच्या टॅगवर शिक्का मारायचे, आठवत असेल तर. तो नसला की गेटवरून परत पाठवायचे. २०१७ मध्ये मुंबई, दिल्लीसह मोठ्या विमानतळांवर तो बंद झाला. फारसं कुणाला जाणवलंही नाही.

आज कॉलेजात असलेल्यांचा जन्म या सगळ्यानंतरचा. तुमच्यासाठी सिक्युरिटी म्हणजे रांग, ट्रे, पॉवर बँक बाहेर काढा. भीती नाही, कंटाळा. एका अर्थी हे यंत्रणेचं यशच म्हणायचं. पण तुम्हाला कंटाळा आला म्हणून यंत्रणेला येऊन चालत नाही. धमकी आली की समिती बसते, ती कितपत खरी ते ठरवते आणि जराही शंका असली तर विमान उतरवलं जातं. १५ ऑक्टोबर २०२४ला दिल्लीहून शिकागोला निघालेलं एअर इंडियाचं विमान कॅनडाच्या पार उत्तरेला, इकालुइट नावाच्या गोठलेल्या गावात उतरलं. प्रवाशांना शेवटी कॅनडाच्या हवाई दलाच्या विमानानं शिकागोला पोचवलं. त्याच दिवशी मदुराईहून येणाऱ्या विमानासाठी सिंगापूरनं लढाऊ विमानं वर पाठवली.

आणि हे फक्त ट्रोलांच्या बाबतीत घडतं असंही नाही. जुलै २०२२ मध्ये लंडनच्या गॅटविकहून मित्रांबरोबर स्पेनला निघालेल्या १८ वर्षांच्या भारतीय वंशाच्या मुलानं मित्रांच्या स्नॅपचॅट ग्रुपवर ‘मी तालिबानचा, विमान उडवणार’ अशा अर्थाचा विनोद केला. मेसेज मित्रांपुरता होता, पण तो ब्रिटिश यंत्रणांपर्यंत पोचला. विमानाशेजारी स्पेनचं लढाऊ विमान येऊन उडायला लागलं. दोन दिवस कोठडी झाली. लढाऊ विमानाचा खर्च म्हणून तिथल्या संरक्षण खात्यानं ९५ हजार युरो मागितले. जानेवारी २०२४मध्ये माद्रिदच्या न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं.

आपल्याकडचा २०१६चा विमान अपहरणविरोधी कायदा तर आणखी कडक. २०१७मध्ये मुंबई-दिल्ली विमानाच्या टॉयलेटमध्ये अपहरणाची खोटी चिठ्ठी सापडली. त्याबद्दल मुंबईच्या एका व्यावसायिकाला २०१९ मध्ये जन्मठेप आणि पाच कोटींचा दंड झाला. नकली पिस्तुलाला आमदारकी आणि चिठ्ठीला जन्मठेप! ही दोन्ही टोकं मला तरी पटत नाहीत. एका वेळी आपण पुरेसे घाबरलो नव्हतो, दुसऱ्या वेळी जरा जास्तच. ती शिक्षाही टिकली नाही. २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं पुरावे पुरेसे नाहीत म्हणून त्याला निर्दोष सोडलं. मधली वर्षं मात्र गेली.