तेव्हा तुम्ही कुठे होता?

३० जानेवारी १९४८ची संध्याकाळ आठवणारी माणसं देवळीत आता मोजकीच उरली असतील. गांधीजी फेब्रुवारीत सेवाग्रामला यायचे होते. आली ती दिल्लीहून बातमी. मार्चमध्ये रचनात्मक कार्यकर्ते सेवाग्रामला जमले, ते त्यांच्यावाचूनच.

३०-३१ मे २०१६ची रात्र मात्र आपल्या तालुक्याने स्वतःच्या कानांनी ऐकली. मध्यरात्रीनंतर पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, स्फोट सुरू झाले. आगरगावसारख्या गावांतली माणसं लेकरांना घेऊन अंधारात घराबाहेर पडली. मृतांत दोन लष्करी अधिकारी होते. बाकीचे बहुतेक आग विझवायला धावलेले अग्निशमन कर्मचारी. देशाला हे सकाळी टीव्हीवर कळलं.

वर्षं सरतात तसं स्वतः पाहिलेलं आणि नंतर ऐकलेलं एकमेकांत मिसळतं. म्हणून या अंकासाठी आम्ही कोणाची मतं मागितली नाहीत. त्या रात्री कोण कुठे होतं, कोणी कोणाला उठवलं, कोणत्या वाटेनं निघाले, एवढंच विचारलं. सरकारी अहवाल कारणं नोंदवतो. शेजाऱ्याचं दार कोणी ठोठावलं, हे आपणच लिहायचं असतं. तुमची आठवण तारीख घालून पाठवा. त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना १९४८चं विचारून घ्या.