परतणारा विषाद आणि दूरध्वनीवरील संवाद

पनवेलमधील आपल्या चिकित्सालयांत एखादी भगिनी काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा येते. झोप नाही, अन्नावर वासना नाही, रडू आवरत नाही. मध्यंतरी बरे होते, आता पुन्हा तेच. आपण ब्राह्मी, अश्वगंधा देतो आणि पुढील रुग्णाकडे वळतो. एवढ्याने आपले कर्तव्य संपते काय?

चरकाचार्यांनी विषादास रोग वाढविणाऱ्या भावांत अग्रस्थान दिले आणि दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीला सत्त्वावजय चिकित्सा सांगितली. आपण मात्र औषधयोजनेत रमलो. सत्त्वावजय परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरता उरला. कारण त्यास वेळ लागतो.

तो वेळ आता दूरध्वनीवर मिळू शकतो. केंद्र शासनाची 'टेली-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. नाडी व मुख न पाहता चिकित्सा कसली, असा आक्षेप आमचे ज्येष्ठ घेतील. तो निराधार नाही. शिकागो परिसरातील ३२५ विषादग्रस्त रुग्णांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. दूरध्वनीवर उपचार घेणाऱ्यांपैकी कमी जणांनी ते अर्धवट सोडले व उपचारांअखेर गुणही तुल्य आला. परंतु सहा महिन्यांनंतर समोरासमोर उपचार घेतलेल्यांची स्थिती अधिक चांगली होती. म्हणजे दूरध्वनी हे प्रवेशद्वार आहे. पुढील पाठपुरावा आपला.

अडचण वेगळीच आहे. घरातील दूरध्वनी सामाईक, भिंती पातळ, सासूबाई शेजारच्या खोलीत. तिने बोलावे कोठे? आमची सूचना साधी आहे. चिकित्सालयातील एक खोली दुपारच्या निवांत वेळी अर्धा तास तिला द्यावी. औषधविक्रेत्यांनी १४४१६ हा क्रमांक दर्शनी लावावा. झोपेचे औषध वारंवार मागणाऱ्या भगिनीची आस्थेने विचारपूस करावी. चालू असलेली मानसोपचाराची औषधे आपल्या सल्ल्याने एकाएकी बंद होऊ देऊ नयेत. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बोलून दाखविल्यास तिला एकटे न सोडता तत्काळ मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे.

यात शास्त्राचा कमीपणा नाही. ज्या नगरीत १८७२ साली धूतपापेश्वर औषधी कारखान्याची मुहूर्तमेढ रोवली गेली, तेथील वैद्यांनी औषधाइतकाच शब्दही जपावा, एवढीच आमची विनंती.