आधी ओळख, मग काम

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात नव्या माणसाला पहिला प्रश्न कामाचा विचारत नाहीत. ‘कोन्या गावचे जी तुमी?’ हा पहिला, आडनावाचा दुसरा आणि त्या गावात आपल्या माहितीचे कोण, हा तिसरा. पाण्याचा तांब्या येतो, एखादे नाते निघते, नाते नाही निघाले तर एखादा आठवडी बाजार किंवा जुने लग्न निघते. मग माणूस कशासाठी आला ते विचारतात. बाहेरून आलेल्याला हा वेळ वाया गेलासा वाटतो. खरे तर पुढचे सगळे बोलणे याच वेळात ठरते: समोरच्याला कोणत्या नात्याने हाक मारायची, त्याची थट्टा करायची की मर्यादा पाळायची, त्याच्या घरी सोयरीक होऊ शकते की नाही.

16 तालुक्यांचा हा जिल्हा 2011 च्या जनगणनेत सुमारे 27 लाख 72 हजार लोकवस्तीचा होता. वऱ्हाडी आणि बंजारा तांड्यांवरची गोरबोली या आर्यकुळातल्या, तर गोंडी आणि कोलामी द्राविड कुळातल्या. एकाच बाजारात या चारही बोली कानावर पडतात. त्या बोलणाऱ्यांचे नाते जोडण्याचे नियम मात्र एकसारखे नाहीत.

त्यातला सर्वांत रेखीव नियम गोंडांचा. गोंडाचे आडनाव म्हणजे त्याचे कूळ, आणि प्रत्येक कूळ चार, पाच, सहा किंवा सात देवांच्या गटात मोडते. देवांची संख्या सारखी असेल तर ते भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. संख्या वेगळी असेल तर ते सगा, म्हणजे सोयरे. अनोळखी दोन गोंड भेटले तरी आडनाव कळताच एकमेकांशी कसे वागायचे हे त्यांना ठाऊक असते. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादमधल्या राजगोंडांवरचा ग्रंथ 1948 साली प्रसिद्ध केला, त्यात ही व्यवस्था बारकाईने नोंदली आहे. तिच्यातली मोलाची गोष्ट अशी की लग्नात आणि मृत्यूनंतरच्या विधींत काही कामे सोयऱ्यांनीच करायची असतात, भाऊबंदांना ती चालत नाहीत. म्हणजे एखादे कूळ कितीही मोठे असो, स्वतःच्या मृताला ते एकट्याने निरोप देऊ शकत नाही. दुसऱ्या गटाशी बोलणे तुटले तर धर्मच अडतो. भांडण मिटवायला याहून मोठे कारण लागत नाही. दिवाळीच्या सुमारास एका गावची दंडार दुसऱ्या गावी नाचायला जाते, पाहुणचार घेते आणि पुढे तो फेडते. तरुण-तरुणींची पहिली नजरानजर पुष्कळदा अशा मुक्कामात होते. गोंडांच्या कुळकथा किकरी या तंतुवाद्यावर गाणारे परधान हे या नात्यांचे परंपरागत राखणदार. यवतमाळच्या बहुतेक परधान घरांत आज मराठीच बोलली जाते.

कोलाम वस्तीला पोड म्हणतात. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, वणी, घाटंजी या भागांत असे पोड आहेत. महाराष्ट्रात केंद्राने विशेष असुरक्षित ठरवलेल्या तीन आदिवासी समाजांपैकी कोलाम एक. उरलेले कातकरी आणि माडिया गोंड. पोडाच्या मध्याशी चावडी असते. पाहुणा तिथे उतरतो, तंटा तिथे सुटतो, सणाचा दिवस तिथे ठरतो. चावडीतले बोलणे सावकाश चालते. घाईने हात वर करवून घेतलेला निर्णय पोडाला आपला वाटत नाही. सरकारी बैठकीत कोलाम माणूस ‘हो जी’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की तुमचे ऐकले, तुमचा मान राखला. संमती त्यानंतर, आपसात बोलून झाल्यावर, येते किंवा येत नाही. हे न ओळखल्यामुळे कागदावर मंजूर झालेल्या कितीतरी योजना पोडात रुजत नाहीत, आणि दोष मात्र कोलामांच्या अबोलपणाला दिला जातो. हा अन्याय आहे.

पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव या पट्ट्यात तांडे आहेत. बंजाऱ्यांतही राठोड, पवार, चव्हाण, जाधव, आडे यांपैकी गोत कोणते यावर भाऊ कोण आणि सोयरा कोण हे ठरते. पण कोलामांच्या संयत बोलण्याशेजारी तांड्यावरची होळी ठेवली की संस्कृतीची वेगळीच रीत दिसते. होळीआधी कित्येक दिवस लेंगी गायली जाते. वर्षभर तांड्याच्या नायकासमोर आणि वडीलधाऱ्यांसमोर दबलेले शब्द त्या दिवसांत पुरुष आणि बायका दोघेही मोकळेपणी एकमेकांवर फेकतात. वर्षभरात जन्मलेल्या मुलाचा धुंड हा विधी होतो, त्यासाठी नातेवाईक जमतात. लग्नाआधी नवरी ढावलो गाते. रडणे आणि तक्रार दोन्ही त्या गाण्यातून माहेराला ऐकवायची मुभा तिला असते. एवढी संपन्न बोली, पण जनगणनेत बंजारी आणि लमाणी या नावांनी ती हिंदीखाली मोजली जाते. तांड्यावरचे मूल हिंदी बोलत नाही, तरी हिशेबात ते हिंदीभाषक ठरते.

मराठी शेतकरी घरांतही सासऱ्याला मामाजी म्हणतात, यामागे जुनी सोयरीक आहे. इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या नातेव्यवस्थेवरच्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला प्रदेश मानले. उत्तरेत मामेबहीण ही बहीणच, दक्षिणेत तिच्याशी लग्न रास्त. महाराष्ट्रात अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची टाळतात. गोंड-कोलामांच्या शेजारात हा मधला प्रदेश रोजच्या हाकांतून ऐकू येतो. या घरांना उघड बोलण्याची मुभा पोळा देतो. तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या, म्हणजे खोचक पद्ये, सुरू होतात. सावकार, पुढारी, कापसाचा भाव, सगळ्यांचा समाचार त्यात घेतला जातो. ज्याच्या नावाने झडती होते तोही गर्दीत उभा असतो आणि ऐकून घेतो. कापसाने आणि कर्जाने पिचलेल्या या जिल्ह्यात शेतकऱ्याचे दुःख चारचौघांत मोठ्याने बोलले जाते अशा जागा फार थोड्या आहेत, म्हणून झडत्या टिकायला हव्यात.

आडनावाच्या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. तोच प्रश्न एकाला घरात बोलावतो आणि दुसऱ्याला ओट्याखाली थांबवतो. दलित माणसाला त्या प्रश्नातली जात आधी ऐकू येते. चावडीतल्या निवांत चर्चेत बायकांना बहुधा जागा नसते. परंपरेचे कौतुक करताना हे झाकणे अप्रामाणिक ठरेल. नियम मोडताही येतात, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. पुसद तालुक्यातल्या गहुली तांड्यावर 1913 साली जन्मलेल्या वसंतराव नाईक यांनी 1941 मध्ये नागपूरच्या ब्राह्मण कुटुंबातल्या वत्सला घाटे यांच्याशी लग्न केले. दोन्ही समाजांतून विरोध झाला. पुढे नाईक 1963 ते 1975 अशी 11 वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री राहिले, आणि तांड्यालाही त्यांचा अभिमान वाटला.

बोलींच्या आणि रीतींच्या या फरकाचा सर्वांत कठीण भार पहिलीतल्या मुलावर पडतो. 2011 मध्ये देशभरात कोलामी मातृभाषा सांगणारे सुमारे 1 लाख 28 हजार होते. पोडातले मूल घरी कोलामी बोलते, शाळेत पुस्तकी मराठी ऐकते आणि गप्प बसते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण देण्याचे म्हटले आहे. पण त्यासाठी शिक्षकाला ती भाषा आली पाहिजे. ग्रामसभेचेही तसेच. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला परंपरा आणि तंटे सोडवण्याची रीत जपण्याचा अधिकार दिला. जिल्ह्यातली काही गावे या क्षेत्रात येतात. कायद्याने चावडीला मान दिला, पण बैठक घेणाऱ्याला चावडीत बसता आले पाहिजे.

पांढरकवडा आणि पुसद इथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालये आहेत. जिल्ह्यात रुजू होणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला, डॉक्टरला आणि ग्रामसेवकाला कामाआधी त्या भागातली बोली आणि नात्यांची रीत शिकवण्याची जबाबदारी या कार्यालयांनी घ्यावी. शिकवायला पोडातली आणि तांड्यावरचीच माणसे बोलवावीत, आणि त्यांना त्याचे मानधन द्यावे.