इलॅस्टेजचा आकडा आणि कॅप्सूलचा तुटवडा

मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांसाठी एक सुरक्षा इशारा जारी केला. स्वादुपिंडाची पाचक विकरे असलेल्या कॅप्सूलचा पुरवठा कमी पडत होता. रुग्णाला एका वेळी महिन्याभरापेक्षा जास्त साठा देऊ नये, असे त्यात सांगितले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा इशारा द्यावा लागला. स्वादुपिंडाचा जुनाट दाह, स्वादुपिंडाचा कर्करोग किंवा सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या अनेक रुग्णांना या कॅप्सूलशिवाय अन्न पचत नाही. जेवूनही ते उपाशी राहतात.

ही विकरे आजही डुकराच्या स्वादुपिंडातूनच काढली जातात. कच्च्या मालाची मर्यादित उपलब्धता आणि अपुरी उत्पादनक्षमता ही तुटवड्याची कारणे सांगितली गेली. औषध कमी पडले की एक प्रश्न टाळता येत नाही: ते खरोखर कोणाला हवे आहे? याचे उत्तर बहुतेक वेळा शौचाच्या नमुन्यातल्या एका आकड्यावरून शोधले जाते. तो आकडा असतो इलॅस्टेज या विकराचा.

धमन्या, फुप्फुसे, त्वचा आणि अस्थिबंध यांना ताणले जाऊन पुन्हा मूळ आकारात येण्याची लवचिकता देणारे प्रथिन म्हणजे इलॅस्टिन. मटणात कितीही शिजवली तरी चिवट राहणारी शीर आठवली तर ते किती टणक असते हे लक्षात येईल. त्याचे धागे एकमेकांना घट्ट जोडलेले असतात आणि सामान्य पाचक विकरांना ते दाद देत नाहीत. हे प्रथिन तोडणारे विकर स्वादुपिंडात असल्याचे बालो आणि इलोना बांगा या हंगेरियन संशोधकांनी १९४९ मध्ये दाखवून दिले.

त्याचे काम समजायला सोपे आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन आणि इलॅस्टेज ही एकाच कुटुंबातली विकरे ती साखळी तोडतात, पण प्रत्येकाची जागा ठरलेली असते. कायमोट्रिप्सिनमध्ये मोठी अमिनो आम्ले मावतील असा खोल कप्पा असतो. इलॅस्टेजमध्ये त्याच कप्प्याच्या तोंडाशी दोन मोठे घटक आडवे आलेले असतात. त्यामुळे तिथे ॲलानिनसारखी लहान अमिनो आम्लेच बसतात. इलॅस्टिनमध्ये नेमकी लहान अमिनो आम्ले भरपूर असतात. अर्थात इलॅस्टेज फक्त मांसाहार करणाऱ्यांसाठी नाही. डाळीतली, दुधातली प्रथिनेही ते तोडते.

इतके तीक्ष्ण हत्यार स्वादुपिंड स्वतःजवळ उघडे ठेवत नाही. इलॅस्टेज तिथे निद्रिस्त रूपात तयार होते. लहान आतड्यात पोहोचल्यावर आधी ट्रिप्सिन जागे होते आणि मग ते इलॅस्टेजला जागे करते. हा क्रम बिघडून विकरे स्वादुपिंडातच जागी झाली, तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. तीव्र स्वादुपिंडदाहाची सुरुवात अशीच होते.

चाचणीसाठी इलॅस्टेज निवडले गेले ते त्याच्या चिवटपणामुळे. इतर विकरे आतड्याच्या प्रवासात बरीचशी नष्ट होतात, हे मात्र टिकून बाहेर पडते. शिवाय चाचणी फक्त मानवी विकर ओळखते, त्यामुळे डुकरापासून बनलेल्या कॅप्सूल चालू असल्या तरी ती करता येते. तिच्या नावात मात्र एक जुनी गफलत आहे. अहवालात ‘इलॅस्टेज १’ लिहिलेले असते, पण माणसाच्या स्वादुपिंडात ते तयारच होत नाही. चाचणी प्रत्यक्षात इलॅस्टेज ३ मोजते. निदानात त्याने फरक पडत नाही.

फरक पडतो तो आकडा वाचण्याच्या पद्धतीने. एक ग्रॅम शौचात २०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त इलॅस्टेज असेल तर ते सर्वसाधारण मानतात. १००च्या खाली असेल तर विकरांची कमतरता असल्याचा चांगला पुरावा मिळतो. मधला पट्टा संदिग्ध असतो. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या सल्ल्यात नमुना घट्ट किंवा निमघट्ट असावा, असे स्पष्ट म्हटले आहे. पातळ जुलाबात विकर पाण्याने विरळ होते आणि निरोगी स्वादुपिंडही आजारी दिसते. नेमके जुलाबाच्या तक्रारीसाठीच ही चाचणी अनेकदा सांगितली जाते, ही अडचण आहे. दुसरीकडे, मेद पचेनासा होईपर्यंत स्वादुपिंडाची सुमारे ९० टक्के क्षमता गेलेली असते. म्हणून आजाराच्या सुरुवातीला आकडा चांगला आला तरी निर्धास्त होता येत नाही.

‘आधी कॅप्सूल देऊन पाहू, बरे वाटले तर निदान पक्के’ हा मार्गही भरवशाचा नाही, असे तोच सल्ला सांगतो. पोट फुगणे किंवा जुलाब इतर कारणांनीही कमी होतात. अशा अंदाजाने सुरू झालेली प्रत्येक कॅप्सूल तुटवड्याच्या काळात खऱ्या गरजूच्या वाट्यातून जाते.

भारतात हा प्रश्न वेगळ्या बाजूने समोर येतो. इथे स्वादुपिंडाचा जुनाट दाह तरुण वयात आणि दारूचा संबंध नसतानाही आढळतो. केरळमधील डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी अशा रुग्णांतील मधुमेहावर लिहिलेले पुस्तक १९६८ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढले होते. अशा रुग्णाचे लक्ष साखरेच्या आकड्याकडे असते. वजन घटणे, तेलकट आणि दुर्गंधीयुक्त शौच या तक्रारी सांगायला तो लाजतो आणि डॉक्टरही विचारत नाहीत. मग मधुमेहावर उपचार होतात, पण अपचन तसेच राहते. मेदात विरघळणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे कमी पडतात, हाडे ठिसूळ होतात.

ज्यांना कॅप्सूल खरोखर लागते, त्यांच्याबाबतीतही ती वाया जाऊ शकते. प्रौढांसाठी प्रत्येक जेवणाला किमान ४०,००० युनिट लायपेज आणि अल्पोपाहाराला त्याच्या निम्मे, अशी सुरुवातीची मात्रा सांगितली जाते. कॅप्सूल जेवणाबरोबरच घ्यायची असते. रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर तासाभराने घेतली तर अन्न आणि विकर यांची गाठच पडत नाही. मूळ प्राणिज असल्याने धर्म किंवा आहाराच्या कारणाने काही रुग्ण ती गुपचूप बंद करतात. पर्यायी वनस्पतिजन्य विकरे या उपचाराची जागा घेऊ शकत नाहीत. त्यामुळे हे मूळ आधीच सांगून रुग्णाशी मोकळेपणाने बोलणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

डुकराच्या ग्रंथीवरचे अवलंबन लगेच संपणार नाही. असलेले औषध योग्य रुग्णापर्यंत पोहोचवणे मात्र आजही हातात आहे. त्यासाठी घट्ट नमुना, लक्षणांची नीट विचारपूस आणि आकड्याचा जपून अर्थ या तीन गोष्टी लागतात.