कयाक, गरी आणि काळजीवाहू सरकार

मंडळी, गेले दोन महिने आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय गाजतो आहे. माझा धाकटा भाऊ, वय ६८, बँकेतून निवृत्त, मुक्काम मालवण, याने एक कयाक विकत घेतली आणि तीत बसून तो गळाने मासे धरायला जाऊ लागला. त्याच्या मुलाचा मला बंगळूरहून फोन आला, "आत्या, तूच सांग बाबांना. ते तुझंच ऐकतात."

मी सांगणार नाही. का नाही, ते इथे एकदाच लिहिते म्हणजे प्रत्येकाला वेगळा फोन करायला नको. ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींनो, आमच्या घरगुती भांडणात तुम्हाला ओढते आहे खरी, पण तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी हीच भानगड दुसऱ्या नावाने चालू असणार. कुणाची स्कूटर, कुणाचा हिमालय, कुणाचा एकटीने केलेला एस.टी.चा प्रवास.

आधी कयाक म्हणजे काय ते सांगते, कारण ग्रुपवर कुणीतरी तिला "प्लास्टिकचं खेळणं" म्हटले आहे. मी ३१ वर्षे भूगोल आणि मराठी शिकवले. बर्फाळ प्रदेशाचा धडा आला की मुले इग्लू, कयाक, कुत्र्यांची गाडी असे एका दमात म्हणत. त्या पुस्तकांत ज्यांना एस्किमो म्हणत त्या इन्युइट लोकांची ही होडी. वाहत आलेल्या लाकडाचा नाहीतर हाडांचा सांगाडा, वर सीलचे कातडे ताणून शिवलेले, आणि आत एकच माणूस. ती पहिल्यापासून शिकारीची होडी होती. म्हणजे कयाकमधून मासे धरणे हे कुणा शहरी रिकामटेकड्याने काढलेले खूळ नव्हे. तिचे मूळ कामच ते. भावाची कयाक अर्थातच जाड प्लास्टिकची आहे. आत शिरून बसायचे नसते, वर बसायचे असते. तळाला आरपार भोके असतात, त्यांतून वर आलेले पाणी आपोआप खाली जाते. ही भोके पाहून आमच्या चुलत वहिनी इतक्या घाबरल्या की विचारू नका! पण होडी पोकळ आणि बंद असल्यामुळे तरंगते, भोकांमुळे बुडत नाही. उलटली तरी परत सरळ करून चढता येते. वजन तीसेक किलो, म्हणून पडवीतून पाण्यापर्यंत दोन चाकांच्या गाडीवर न्यावी लागते.

आणि गळ आपल्याला नवीन आहे का? आमच्या लहानपणी खडपावर बसून गरवणारी माणसे रोज दिसत. दोरा, गरी, शिशाचा तुकडा आणि आमिषाला सुंगट, एवढाच संसार. आता दोऱ्याच्या जागी काठी आणि रीळ आले एवढेच. यांत्रिक होडी जिथे नेता येत नाही अशा उथळ पाण्यात, खडकांच्या कडेने, कांदळवनाच्या मुळांजवळ कयाक आवाज न करता जाते, आणि तांबोशी, गोबरे नेमके तिथेच असतात. शेंगाळा लागला तर मात्र दोरा कापून टाकावा असे माझे मत आहे. त्याचा काटा विषारी, आणि कयाकवर मासा येतो तो थेट तुमच्या मांडीवर.

असो. मुद्दा धोक्याचा आहे.

धोका आहेच. तो नाही असे म्हणणारी मी नव्हे. कर्ली खाडी देवबागला समुद्राला मिळते तिथे ओहोटीचे पाणी जोरात बाहेर धावते आणि समोरून लाटा येतात. दोन्ही एकमेकांवर आदळून लाटा उभ्या राहतात. वाऱ्याचे तसेच. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, किनाऱ्याजवळचे पाणी अगदी तळ्यासारखे दिसते आणि हलकी होडी नकळत बाहेर सरकत राहते. दिवस वर आला की खारे वारे सुटतात आणि लाटा उठतात. हे सगळे मी वर्गात फळ्यावर बाण काढून शिकवले. भाऊ ते आता अंगावर घेतो आहे.

पण तो कसा जातो हे ग्रुपवर कुणी विचारले? मी विचारले. शेजारचा एक मच्छीमार वर्षभर त्याला बरोबर घेऊन गेला, मग कयाक आली. पंचांग पाहिल्याशिवाय तो निघत नाही. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ येते हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ. मिनिटांचा हिशेब पाहिजे तर छापील कोष्टके आहेत, मोबाइलवरही मिळतात, तीही तो पाहतो. पुनव-अवसेच्या उधाणात तो जात नाही, अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती निवडतो. सरत्या ओहोटीबरोबर खाडीच्या मुखाकडे उतरायचे आणि भरती लागली की तिच्याच पाठीवर घरी यायचे, म्हणजे हात दमले तरी पाणी घराकडेच आणते. समुद्रात फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या शांत सकाळी, तेही किनाऱ्यावरचे माड मोजता येतील एवढ्याच अंतरावर. लाइफ जॅकेट अंगात, शिट्टी गळ्यात, मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, वल्हे दोरीने होडीला बांधलेले. कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटून परत चढायचा सराव त्याने महिनाभर केला. आधी पोटावर आडवे पडायचे, पाय मारत वर सरकायचे, मग वळून बसायचे. या वयात गुडघे कुरकुरतात, पण जमते.

आता मुलांनो, मला सांगा, तुमच्यातला कोण रस्त्यावर गाडी काढताना एवढा विचार करतो?

मला खटकते ते हे. तुमची भावजय, मावशी, काकू, जी कोण ती, तीन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर हा माणूस सकाळी उठून टीव्हीसमोर बसायचा तो रात्री उठायचा. जेवलास का म्हटले की "हो" म्हणायचा आणि जेवलेला नसायचा. तेव्हा ग्रुपवर कुणी काळजीची चर्चा केली नाही, कारण खुर्चीत बसलेला म्हातारा सुरक्षित दिसतो. आता तो पहाटे साडेचारला उठतो, मला फोन करतो, "आक्का, आज अष्टमी. भांग आसा." आणि लगेच सगळ्यांना त्याचा जीव धोक्यात दिसू लागला. पालकांची काळजी घेणे म्हणजे काळजीवाहू सरकार चालवणे नव्हे. त्या सरकारला निदान मुदत तरी असते!

मूल लहान असताना आपण त्याला पाण्यापासून दूर ठेवतो, ते पुढे पोहायला शिकेपर्यंत. म्हाताऱ्याला दूर ठेवले की ते कायमचेच. त्यापुढे त्याला काही शिकायचे नसते असे आपण गृहीत धरतो. अडुसष्टाव्या वर्षी गाठ मारायला शिकलेल्या माणसाचा चेहरा तुम्ही पाहिलेला नाही, मी व्हिडिओवर पाहिला आहे. गाठ तीनदा सुटली, चौथ्यांदा बसली.

त्याचे सगळेच मला पटते असे नाही. जून-जुलैत मासेमारीबंदी असते ती यांत्रिक नौकांना, बिनयांत्रिक होड्यांना नसते, म्हणून मी जाऊ शकतो असा बँकेतला युक्तिवाद त्याने माझ्याकडे केला. कायद्याने बरोबर असेल. पावसाळ्यातला समुद्र कायदा वाचत नाही, आणि तो विणीचा काळ असतो. नारळी पौर्णिमेपर्यंत कयाक पडवीत, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिकडे गळ घेऊन जायचे नाही. रापण लागलेली असेल तिथून लांब राहायचे. ज्यांचे पोट त्या जाळ्यावर आहे त्यांच्या वाटेत हौशी माणसाने येऊ नये. मासे विकायचे नाहीत, आणि दोघांपुरते धरायचे, एक वाटा शिकवणाऱ्या शेजाऱ्याचा. २०२३ साली राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, ती मच्छीमारांसाठी असली तरी हौशी माणसाला ती दुप्पट लागू आहे असे मी मानते. त्याने कयाकच्या कडेला शिंप्याची टेप चिकटवली आहे. लहान मासा असेल तर हात ओला करून गरी काढायची आणि सोडून द्यायचा.

"बाजारात मासे मिळत नाहीत का?" असे एका जावयांनी विचारले आहे. मिळतात. लता मंगेशकरांची गाणीही रेडिओवर मिळतात, तरी आपण न्हाणीघरात गातोच.

तर भाच्या, तू बाबांना थांबवायला फोन करू नकोस. तिथी कोणती, वारा कुठला, किती वाजता परतणार, एवढे विचार. आणि ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात त्यांचा फोन आला नाही तर शेजारच्या मच्छीमाराला लावायचा. तो नंबर तुझ्याकडे नाही हे मला परवा कळले, आज पाठवते. दिवाळीला मिठाई पाठवू नकोस, त्याची साखर वाढली आहे. लाइफ जॅकेट खांद्याशी विरले आहे म्हणत होता. छाती ४२ इंच, रंग भगवा किंवा पिवळा, लांबून दिसेल असा.