तुरुंगाची जागा कुणाची?

मेलबर्नचा पेंट्रिज तुरुंग 1997 मध्ये बंद झाला आणि त्याच्या दगडी भिंतींआड सदनिका, हॉटेल, चित्रपटगृह उभे राहिले. बेंगळुरूने वेगळी वाट धरली. शेषाद्री रस्त्यावरच्या मध्यवर्ती कारागृहातले कैदी परप्पन अग्रहारला हलवल्यावर शहरातली ऐन मोक्याची सुमारे 21 एकर जागा मोकळी झाली. ती बिल्डरांच्या घशात गेली नाही; 2008 मध्ये तिथे ‘फ्रीडम पार्क’ खुले झाले. टेहळणीचा मनोरा आणि बराकी राखल्या गेल्या. आणीबाणीत वाजपेयी, अडवाणींसोबत मधु दंडवतेही इथेच स्थानबद्ध होते.

घरांची निकड खरी. पण अशा जागी उभी राहणारी घरे गरजूंच्या आवाक्यात क्वचितच येतात. म्हणून बेंगळुरूचा निर्णय योग्यच होता. मात्र आता शहरातल्या निदर्शनांना हेच एक ठिकाण नेमून दिले आहे. सरकारविरोधकांना जिथे डांबले, तिथेच आजच्या विरोधालाही कोंडणे शोभत नाही.

असाच प्रश्न ठाण्यातही येऊ शकतो; तिथला तुरुंग जुन्या किल्ल्यात आहे. तो उद्या हलवायचे ठरलेच, तर जागा लोकांचीच राहील, हे निविदा निघण्याआधी सरकारने कागदावर पक्के करावे.